बेचाळिसावी पट्टी

भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमधला पियानो
साहेब लोक गेले तेव्हा मागं राहिला,
उचलायला जड होता म्हणून.
डावीकडून मोजा, काळ्या-पांढऱ्या मिळून :
बेचाळिसावी दाबली की नुसता लाकडाचा ठोका,
मुक्यानं दारावर मारावा तसा.

शांतवन गार्डाची सुवार्ता तायडे त्याच्यावरच शिकली.
मिस पिंटो तिच्या मनगटाखाली फुटपट्टी धरायच्या.
आणि पोरगी त्या पट्टीशी आली
की तेवढा सूर तोंडानं भरायची,
हळूच, बाईंना ऐकू जाऊ नये असा.

मग ती गेली. लाइपझिग, वॉर्सा, कुठं कुठं.
पेपरात यायचं : आज बाख, आज शोपँ,
शेवटी स्वतःचं रचलेलं, चौदा मिनिटांचं.
त्यात म्हणे एक पट्टी ती इतकी हलकी दाबते
की हातोडी तारेला शिवतच नाही,
आणि हॉलभर माणसं श्वास धरून बसतात.
जाणकार म्हणाले, विरह. एक म्हणाला, युद्ध.
एकानं तर देवाला मधे आणलं.

मी लोको शेडचा फिटर.
मे महिन्यात ती इथं वाजवणार कळलं
तेव्हा मी पियानोचं पोट उघडलं.
हातोडीची दांडी मोडलेली. एवढंच.
बाभळीची तासून बसवली,
टोकाला बिलियर्डच्या टेबलाचं फाटकं हिरवं कापड.
कुणाला बोललो नाही. छाती मात्र फुगली होती.

छेचाळीस डिग्री. पंखे बंद ठेवायला तिनंच सांगितलं.
बाखच्या मधोमध मालगाडी गेली,
ती थांबली नाही, गाडीला वाट देत वाजवत राहिली.
मग तिचं स्वतःचं.
इथं जपून दाबायची गरज नव्हती,
ही पट्टी मुकी, तिला लहानपणापासून ठाऊक.
तिनं सगळा जोर लावून मारली.

वाजली.
जराशी बेसूर, बाभळीची, पण खणखणीत.

तिचे हात वर राहिले.
पहिल्या रांगेतल्या डीआरएमना वाटलं संपलं,
त्यांनी टाळ्या सुरू केल्या, मग एकटेच थांबले.
तिनं परत दाबली ती. परत. मग शेजारचीसोबत,
मग तिच्याभोवती काहीतरी बांधत गेली
जे कागदावर नव्हतं.
मी घड्याळ पाहिलं : एकतीस मिनिटं.

नंतर मागच्या व्हरांड्यात विचारलं, कोणी केलं?
मी तेलकट हात खिशात घातले.
ती म्हणाली, "भो, मले इचारायचं तरी."
इतक्या वर्षांनी, आणि अशी बोली.
रागात होती का, मला अजून सांगता येत नाही.
मोडकी दांडी आहे का, म्हणाली.
डब्यात होती, दिली.
कार्यक्रमाच्या कागदात गुंडाळून तिनं पर्समध्ये ठेवली
आणि रात्रीच्या गाडीनं गेली.

आता ती रचना कशी वाजवते
ते पेपरात आलेलं नाही.