सदतीस नंबरचा जोड

गिऱ्हाईक मला चेहऱ्यावरून ओळखू येत नाही.
पाय पुढे आला की कळतं.
अल्माटीचा डॉक्टर : डाव्या अंगठ्याला कुरूप, मोजे महागाचे.
ती नवराबायको, भांडून आलेली,
बसतात एकाच बाकावर,
बकलं मात्र मलाच लावायला सांगतात.
आधी वाकायचं कुणी, म्हणून.

अकरा हिवाळे झाले.
सकाळी सहाची गाडी, काराकोलच्या बाजारापासून.
काचेवर आतूनच बर्फ; ड्रायव्हर नखाने खरवडून
रस्ता दिसण्यापुरतं भोक पाडतो.
आम्ही नऊ जणं. कुणी बोलत नाही.
शारकुलच्या हातांना पहाटे चारच्या कणकेचा वास,
तो माझ्या खांद्यापर्यंत येतो
आणि मला भूक लागते, रोज, त्याच वळणावर.

आम्ही पोचतो तेव्हा सागिनबेक उतरत असतो,
रात्रभर यंत्राने डोंगर विंचरून.
डोळे लाल, कानात अजून इंजिन, म्हणून ओरडून बोलतो :
बघून घ्या आत्ताच!
सव्वानऊला पहिला माणूस येतो
आणि सागिनबेकची रात्र
मधोमध फाडत खाली जातो.
सागिनबेक तेव्हा घोरत असतो, हे बरंच आहे.

पाहुणे त्या उताराला लाल तीन म्हणतात,
नकाशात तसं छापलंय.
माझे वडील म्हणायचे लंगड्या घोडीची पाठ.
जूनमध्ये मेंढ्या घेऊन आम्ही तिथेच असायचो.
कुठे मार्मोटांची बिळं आहेत,
कुठल्या दगडामागे रानकांदा उगवतो,
एवढं बर्फाखालचं मला विचारा.
बर्फावरचं नको.
वरून सरोवर दिसतं म्हणतात, निळं,
सगळा डोंगर पांढरा झाला तरी न गोठणारं.
दिसत असेल.

संध्याकाळी एकशेवीस जोड ओले परत येतात,
जिभा बाहेर, दमलेल्या कुत्र्यांसारखे.
मी एकेक नळीवर उलटा अडकवते, हीटर लावते.
मग खोलीला जो वास सुटतो
त्याला रशियनमध्ये एक शब्द आहे,
तो मी घरी उच्चारत नाही.

तर मार्चमध्ये एक दिवस वारा सुटला.
जोल्चूने लिफ्टच्या खांबाला कान लावला,
बराच वेळ लावून उभा राहिला,
आणि मान हलवली. बंद.
पाहुणे हॉटेलच्या काचेआड, पैसे परत मागत.
आम्हांला अचानक काम नाही.
शारकुलने पत्ते काढले. कुणीतरी रेडिओ.
मी खोलीत एकटी,
समोर सदतीस नंबरचा जोड,
उजव्या बकलाला मीच बांधलेली तार.

घातला.
अकरा वर्षं ज्या चालीला मनात हसत आले,
पोट पुढे, टाच आधी, बदकाला जोडे चढवल्यासारखी,
तीच चाल चालत दारापर्यंत गेले.
जोल्चू हसला नाही. स्कीज घेऊन आला.
लाल तीन संपतो तिथे, घोडीच्या शेपटीवर,
जिथे लहान मुलं शिकतात,
मला उभं केलं. म्हणाला, गुडघ्यात वाक.
म्हटलं, वाकणं येतं मला.

पंधरा मीटर. वीस म्हणा.
तेवढ्यात काय काय झालं ते सांगता येणार नाही,
वारा तोंडात होता.
मग पडले, कुशीवर, आवाज न करता,
आणि उठायची घाई केली नाही.
गालाखाली बर्फ, त्याखाली गवत झोपलेलं,
हे फक्त मला ठाऊक.
लंगडी घोडी सगळ्यांना पाडते, वडील म्हणायचे,
पण हाकलत नाही.

दुसऱ्या दिवशी वारा पडला.
पहिल्या गाडीने आलेल्या एका बाईने पाय पुढे केला :
सदतीस, अरुंद टाच, नखांना कालचाच रंग.
बूट घालून क्षणभर थांबली.
म्हणाली, आतून गरम आहेत हो,
कुणी आत्ताच काढल्यासारखे.

हीटर चांगला आहे, मी म्हटलं,
आणि तिची बकलं लावायला वाकले.