पेव

बॅग आईनं अंगणात झटकली.
चेनच्या दातांतून वाळू पडली, चमचाभर.
"एवढ्या लांबनं ही आणलीस व्हय?" म्हणाली
आणि केरसुणी आणायला आत गेली.

हरिपुरात वाळूचं काय अप्रूप.
कृष्णा-वारणा भेटतात तिथं हवी तेवढी.
पण हिच्यात शिंपल्यांचा भुगा आहे,
जिभेला लावली तर अजून खारट.
(लावली मी. आई आत होती तेवढ्यात.)

पाच महिने बोआ विश्ता बेटावर
रात्रभर लाल टॉर्च घेऊन
कासवांच्या माद्यांमागं चालले.
तिथं कुणाला 'प्रज्ञा' म्हणता येईना,
म्हणून मी 'प्राया' झाले.
प्राया म्हणजे त्यांच्यात समुद्रकिनारा.
पहिला आठवडा कुणी हाक मारली
की मी समुद्राकडं बघायचे.

मादी खड्डा करते तो मडक्यासारखा,
तोंड अरुंद, पोट मोठं.
पहिल्यांदा बघितला आणि ओरडलेच, पेव!
मग ओदेतीला सांगत बसले,
आमच्या गावात जमिनीखाली अशीच हळद ठेवायचे,
वर्षानुवर्षं टिकायची,
पुराचं पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं बसली.
ओदेती म्हणाली, पाणी इथंही शिरतं.
त्या रात्री आम्ही एकशे सात अंडी
भरतीच्या रेषेच्या वर नेऊन पुरली.
ती तिच्या भाषेत मोजत होती, मी माझ्या.
आकडा एकच आला.

पंचावन्नाव्या रात्री पेव फुटलं.
क्लासेसचं पेव, मंगल कार्यालयांचं पेव,
एवढंच आजवर ऐकलेलं, तेही नाक मुरडून.
इथं आधी वाळू खचली, बशीएवढी.
मग एक नाक.
मग मोजणं सुटलं.

निघताना 'जाते' म्हणवेना.
'येते' म्हणाले, सवयीनं.
ओदेतीनं अर्थ विचारला, मी शब्दाला शब्द सांगितला.
ती हसली नाही. फळ्याकडं गेली,
पुढच्या जुलैच्या रकान्यात,
उत्तर टोकाच्या गस्तीसमोर
खडूनं लिहिलं: प्राया.
जीप निघाली तेव्हा वाटलं,
सांगायला हवं होतं, ही नुसती आमची बोलायची रीत आहे.
नाही सांगितलं.

बाबा मार्केट यार्डातून आलेत, कॉलर पिवळी.
केरसुणी भिंतीला टेकून उभी आहे.
दोघं समोर बसलेत. "सांग की,
कसं हुतं तितं?"

बाबांनीच शिकवलेलं,
पेवाचं तोंड उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं.
आतली हवा कोंडलेली असते,
माणूस जातो.
दगड सरकवायचा
आणि काठावर बसून राहायचं.

म्हटलं, आधी चहा टाक.
आई उठली,
वाळूला वळसा घालून आत गेली.