किटकी तेगी

शेगडीबरोबर आलेलं पुस्तक कानडीत होतं.
मला कानडी येते बसच्या पाट्यांपुरती,
फार तर मेथीची पेंडी दोन रुपयांनी उतरवण्यापुरती.
चित्रं बघितली : एक माणूस, एक खिडकी,
खिडकीवर लाल बाण.
बाण कशाला, ते कळलं नाही.

सत्तावीस वर्षं काढली उद्यमबागच्या फौंड्रीत.
तिथली आग खोलीएवढी,
तिच्याकडं पाठ करून कुणी डबा खात नसे.
भट्टीत ओलं भंगार पडलं तर काय होतं
ते मारुती पाच्छापुरेच्या अर्ध्या भुवईत
अजून वाचता येतं.
आणि ही, गुडघ्याएवढी.
पुढं बटण, पोटात पंखा, पंख्याला वायर.
मी हसलो तिला.

खानापुरातली डिसेंबरची पहाट,
मलप्रभेवरचं धुकं गल्लीच्या तोंडापर्यंत आलेलं.
बायको लेकीच्या बाळंतपणाला हुबळीत;
फोनवर विचारते, काय करुलालाय एकटे?
म्हटलं, चहा.

कांड्या भरल्या, काठाखाली दोन बोटं सोडून.
भुईमुगाची टरफलं, उसाचं चिपाड, दाबून दाबून केलेल्या;
हातात घेतल्या तर कोंबड्यांचं खाद्य वाटावं.
वर नारळाची शेंडी पिंजून, कापराची वडी,
काडी.
चूल खालून पेटते, हिला डोक्यावरून पेटवायची.
पंखा हळू, मग थोडा जास्त.
जाळ उभा राहिला, धूर जवळजवळ नाहीच.
धूर नाही तर खिडकी कशाला उघडी, म्हणून
कडी लावली.

चहा उकळला.
डोकं जड. म्हटलं झोप झाली नसेल.
कपाकडं हात नेला तर कप
होता त्याहून लांब होता.

काचेवर उलथनं. ठण् ठण्.
शेजारची नीलव्वा हुक्केरी, पदर कमरेला खोचलेला,
"अण्णा, किटकी तेगी! तेगी!"
पहिला शब्द निम्मा माझाच निघाला.
तेवढ्या निम्म्यावर उठलो,
कडीपर्यंत गेलो.

नंतर आठवडाभर कट्ट्यावर बसून
तिनं ते पुस्तक मला वाचून दाखवलं, ओळीखाली बोट ठेवून.
बेंकी, गाळी, बूदी.
मी पेन्सिलीनं वर मराठी लिहीत गेलो.
धुराला होगी. हा ओ आखडून म्हणायचा,
लांबवला तर अर्थ होतो, जाऊन.
दोनदा तिनं माझी जीभ दुरुस्त केली.
मला त्या दिवशी ह्या दोन शब्दांतलं अंतर
एका कडीएवढं होतं, हे तिला सांगितलं नाही.

मीही तिला थोडं शिकवलं, फौंड्रीतलं :
पोतं जमिनीवर नको, ओल चढते,
कांड्या फुगून भुसा होतात. झाकणाच्या डब्यात ठेव.
नायलॉनची साडी नेसून पुढं बसू नको.
जळत्या शेगडीला हात लावून हलवू नको.
रॉकेल तर आणूच नको घरात.

एकदा भाकरी निम्म्यात जाळ मंदावला
आणि तिनं वरून मूठभर कांड्या टाकायला हात उचलला.
"तडी!" माझ्या तोंडून निघालं,
थांब नाही, तडी.
ती थांबली.
मग माझ्या ड वर इतकी हसली
की तव्यावरची भाकरी एका अंगानं करपली.

आता खिडकी वीतभर उघडी असते.
गार वारा सरळ मानेवर येतो,
मी मफलर गुंडाळून बसतो, शिव्या देत.
राख पत्र्याच्या बादलीत, बादलीवर झाकण,
बादली फरशीवर, गवतापासून लांब.
काल दुपारी विझवलेली.
आज सकाळी झाकणाला हात लावला :
बिसी.
अजून.