साठ बोटं

कऱ्हाडच्या कॉलेजात बोलावलं होतं मला.
विषय फळ्यावर आधीच लिहून ठेवलेला,
'नेतृत्वाचे पाच धडे'.
टेबलावर पाण्याची गच्च भरलेली बाटली.
तिच्याकडे मी जरा जास्तच वेळ बघत राहिलो.

कोरेगावात मी मोटारी रिवाइंड करतो.
बोअरच्या जळक्या मोटारी, तांब्याची तार, वार्निशचा वास.
बोलायची सवय वायरलेसवरची,
थोडकं बोलायचं, दोनदा, आणि मग ऐकत राहायचं.
पाच धडे मी कुठून आणू?

मला एक माणूस आठवतो.
नायब सुभेदार भानुदास फडतरे.
गाव वडूजच्या पलीकडं, जिथं पाऊस
सुट्टीवर आल्यासारखा येतो,
मोजके दिवस, आणि निघायची घाई.

वर, ग्लेशियरवर, रोज संध्याकाळी
साब आमच्यापुढं गुडघ्यावर बसायचे.
बूट काढायचे. स्वतः.
मोजे सोलून एकेक बोट दाबायचे,
"कळतंय का?"
पहिल्या दिवशी लाजून मी पाय मागे ओढला.
म्हणाले, "ऑपरेटर, हा पाय एकट्याचा न्हाई तुझ्या.
दोराला बांधलेल्या सगळ्यांचा हाय."

आम्ही सहा जण. साठ बोटं.
सातवे ते.

स्टोव्हवर डबाभर बर्फ ठेवला
की तांब्याच्या बुडाला पाणी.
त्यातून चहा, सहा मग.
सातव्यात काजळी जास्त, चहा कमी.
तो कुणाचा, हे कधी विचारावं लागलं नाही.

दोरावर सगळ्यात सावकाश चालणारा
साबांच्या पाठोपाठ. त्याची चाल तीच सगळ्यांची.
जतचा श्रीरंग वाघमोडे हसायचा,
"आमी मेंढरं अशीच न्हेतो, साब.
लंगडं फुडं."

त्या सकाळी वाघमोडेच म्हणाला होता,
"घटकाभर थांबू. वारं बरं न्हाई."
साबांनी घड्याळ बघितलं. आभाळ बघितलं.
"निघू," म्हणाले.

पायाखालचं बर्फ उघडलं
तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.
दोर ताणला गेला, आणि मग सैल.

रात्री मी सेटसमोर बसलो. बोटं कीवर टिकत नव्हती.
साब म्हणाले, "कळव. निर्णय माझा होता."
मी म्हणालो, "साब, हवामान खराब होतं असं..."
"हवामानाला हुद्दा नसतो.
निर्णय माझा. दोनदा कळव."
मी दोनदा कळवलं.

खाली उतरल्यावर ते जतला गेले, मला घेऊन.
पत्र्याच्या घरापुढं घोंगडं टाकलेलं.
वाघमोडेची आई बसलेली, हातात लोकर, कातणं थांबलेलं.
साबांनी टोपी काढली, सगळं सांगितलं,
तो थांबू म्हणाला होता, हेसुद्धा.
म्हातारी कितीतरी वेळ बोलली नाही.
मग एवढंच विचारलं,
"पोटात काय व्हतं का त्येच्या?"
"व्हय. माज्या आधी जेवला."
तिनं लोकर पुन्हा हातात घेतली.
माफ केलं की नाही, मला अजून ठाऊक नाही.
साबांनाही नसावं.

हे सगळं मी कॉलेजात सांगितलं का?
नाही. मी म्हणालो, हातपाय सांभाळा.
मागच्या बाकावरची पोरं हसली.
शाल मिळाली, नारळ मिळाला.
प्राचार्य म्हणाले, अजून थोडं बोलायला हवं होतं.

परतीला कोरेगावची गाडी सोडून
पुसेसावळीवरून वडूजला गेलो, तिथून पुढं वडापनं.
साब टाकीपाशी होते.
गावाला पाणी सोडायचं काम आता त्यांच्याकडं.
त्यांच्या आळीचा व्हॉल्व्ह शेवटी उघडतो,
हे मला जीपवाल्यानं वाटेतच सांगितलं होतं,
थोडी तक्रार, थोडा तोरा.

मी पुढं होऊन वाकलो.
त्यांना वाटलं पाया पडतोय,
आशीर्वादाला हात वर गेला.
मी चप्पल काढली. त्यांची.

इतक्या वर्षांत
ह्यांची कुणीच मोजली नव्हती.

अंगठा दाबला. मग पुढचं.
"कळतंय का, साब?"

आठ.

ते लाजून पाय मागे ओढत होते.