ठेवण

रात्री साडेअकरानंतर सीटी स्कॅनची खोली
मेलेल्यांसाठी मोकळी असते.
आलीच्या टेकाडांमधून खोका येतो, फोमात बसवलेला,
सोबत संग्रहालयाची बद्रिया, सह्यांचे तीन कागद,
आणि तिच्या बुटांना लागलेली पिवळट माती.
दारावरचा शिपाई माझ्या बिल्ल्यावर 'मुकादम' वाचतो
आणि दर वेळी सलाम ठोकतो.
त्याच्या भाषेत ते फौजेतलं मोठं पद,
आमच्याकडे, दाभोळच्या धक्क्यावर
गलबतांवरची पोती मोजणाऱ्या पणज्याचं काम.
मी दुरुस्त करत नाही.

पेशंटचं नाव भरल्याशिवाय यंत्र हलत नाही.
बद्रिया सांगते, टेकाडाचा नंबर लिही.
वय?
चार. साडेचार असेल.
जन्मतारखेचा रकाना चार हजार वर्षं मागे जात नाही.
मी आजची टाकते.

कवटी लहान, पुढून मागे लांबट,
पावसाआधी पुळणीवर पालथी घातलेली होडीच.
आता खुणा करायच्या:
नाकाचं मूळ, कानाच्या भोकाची वरची कड,
मागचा उंचवटा… अठ्ठेचाळीस.
(एकोणिसावी मला दर वेळी चकवते.)
मग गणित.
जागा काढून टाक, सगळी डोकी एकाच मध्यावर आण.
लहानमोठेपण काढून टाक.
कुणी मान वळवून निजलं असेल तर तेही सरळ कर.
इतकं काढल्यावर जे उरतं त्याला पुस्तकात शेप म्हणतात.
माझ्या तोंडी आपसूक येतं, ठेवण.
कुणी ठेवली, हे गणित विचारत नाही.

मंगळवारी याच टेबलावर मीरदाद होता, तीन महिन्यांचा,
टँकरवाल्या बलुची बापाचा,
रडून रडून झोपलेला.
डोक्यावरची मधली शिवण वेळेआधी मिटलेली.
आई म्हणाली, मला वाटलं, पोर टणक निघालं.
आमच्याकडेही हेच म्हणाले असते,
टाळूवर खोबरेल थापता थापता.
पडद्यावर त्याच्या मागे सरासरी बाळ उभं केलं,
दोनशे तान्ह्यांना मिसळून काढलेलं, करडं, बिनकानांचं,
ज्याला कधी कुणी पाजलं नाही.
मीरदाद जिथे जिथे त्याच्याबाहेर गेला
तिथे तिथे लाल झाला.

आज, नियमात बसत नाही तरी,
मी दोघांना एकावर एक ठेवलं.
बद्रिया खुर्ची ओढून जवळ आली.
रेषा जवळजवळ मिळाल्या.
बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.

मग ती म्हणाली, अजून एक वस्तू आहे.
भाजलेल्या मातीची परात, उथळ,
डोक्याखाली सापडली म्हणून वेगळी बांधलेली.
आम्ही जेवणाची समजलो होतो.
परात आत सरकवली. तिच्या खोलगट भागावरही खुणा केल्या,
तिचीही जागा काढली, तिचंही वळण.
पण आकारमान ठेव, बद्रिया म्हणाली, ते काढू नकोस.
कवटीची मागची बाजू त्या खळग्यात उतरली
आणि तिथेच थांबली,
मध्ये फक्त केसांपुरती फट,
किंवा दुमडलेल्या फडक्याची.
काठावर एक अंगठा ओल्या मातीत दाबलेला.
चार वर्षांत डोकं वाढत गेलं,
म्हणजे याआधीच्याही पराती असतील.
लहान. त्याहून लहान.
बद्रियाने त्या शोधायच्या यादीत लिहिल्या,
मग पेन ठेवून दिलं.

रविवारी मीरदादचं ऑपरेशन.
नंतर त्याला टोपी बसवतील, कडक, आतून फोमची,
दिवसाचे तेवीस तास.
तिची फाइल मीच पाठवणार आहे.
आईने विचारलं होतं, टोचेल का?
मी म्हटलं होतं, मापाची असते.

चार वाजता खोका परत निघाला.
आलीत कुंभारांच्या भट्ट्या अजून पेटल्या नसतील.
यंत्राने छापलेलं लेबल शिपायाने दिव्याखाली धरलं,
तारीख दोनदा वाचली.
आज जन्मला?
मी हो म्हटलं.
खोका त्याने एका हाताने उचलला होता.
दुसरा हात खाली लावला.