सतरा नंबरचा तुकडा

ओस्त्रावात अजून अंधार असताना, सात अठ्ठावीसला,
त्याच्या डाव्या हाताच्या शिरेत दोन ग्रॅम औषध सोडलं.
छेद आठला. कागदावर एवढंच. नाव नाही.
सतरा नंबर, पुरुष, वय एकाहत्तर,
उजव्या फुप्फुसाचा वरचा खंड काढला, दहा वाजून पाच.

माझ्यापर्यंत येतं ते बर्फातून:
गाठीपासून लांबचं, धड म्हणावं असं फुप्फुस,
सुपारीएवढं.
आधी धुते. चिकटलेलं रक्त खोटं बोलतं,
आपल्यातलं औषध फुप्फुसाच्या नावावर मांडतं.
मग टिपते, तोलते, गोठवते, खलात कुटते.
कुटल्यावर सगळं एकच पीठ.
औषध दारातच उभं होतं
की माजघरापर्यंत गेलं होतं,
पिठाला विचारून कळत नाही.

आडात आहे, हे रक्ताच्या नळीनं सांगितलंय.
पोहऱ्यात किती आलं, तेवढं माझं काम.

आज टिपकागदावर काळं उतरलं.
कोळसा.
शेवटची पाळी वर येऊन तीस वर्षं झाली,
तरी हा अजून थोडा खालीच आहे.
माझ्या बापाचे रुमाल असेच असत.

नाव विचारायचं नाही, डॉक्टर श्क्रोबानेक बजावतात.
मी विचारत नाही.
पण सही घेणाऱ्या द्राहोमिरानं जेवताना सांगितलं,
म्हातारा म्हणाला, "म्हणजे मला याचा उपयोग नाही?"
"नाही."
"मग कुणाला?"
"पुढच्या माणसाला."
तो हसला, खोकला, परत हसला.
"आमच्यात पुढचा छताला ठोकून बघायचा,
मागच्यासाठी. तुमचं उलटंय."
आणि सही केली, मोठी, रकान्याबाहेर जाणारी.

यंत्राला अकरा मिनिटं लागतात.
पडद्यावर एक रेघ सरळ चालता चालता
अचानक टेकडी चढून उतरते.
रक्तात एकशे अठरा. फुप्फुसात एकेचाळीस.
तिसऱ्या हिश्शाहून थोडं वर.
जंतूंना आठही पुष्कळ.
म्हणजे पुरलं. कोळशातून वाट काढत पुरलं.
निदान दहा पाचला तरी.

टाके पडले पावणेबाराला.
तोवर आत किती उरलं होतं,
हा तुकडा सांगू शकत नाही;
तो तेव्हा माझ्याकडे होता.

खल तीनदा घासला. तळाशी
एक करडं वर्तुळ राहिलंच.
अठरा नंबर बाहेर बर्फात थांबलाय.
चौथ्यांदा घासते.