ऑर्थो आधी निघून जातो

मे महिन्याचं प्रॅक्टिकल. खिडकीबाहेर चव्वेचाळीस.
नळाला आज पाणी नाही, उद्याही नाही,
परवा रात्री दीडला येईल, असं अशोक चौकाकडची मुलं म्हणतात.
म्हणून कंडेन्सरला ड्रममधलं.
खालच्या बादलीत उतरलं की लॅबचे गड्डम मामा
तेच पुन्हा वर नेऊन ओततात,
कोमट, मग आणखी कोमट.

फ्लास्कमध्ये काळपट चिखल. त्यात दोघे भाऊ,
ऑर्थो आणि पॅरा नायट्रोफिनॉल.
वजन एक, अणू तेवढेच, सहा कोनांचं कडंही तेच.
फरक एवढाच, की हात कुठे फुटले.

ऑर्थोचे दोन्ही हात शेजारीशेजारी.
त्यानं उजव्यानं डावा धरून ठेवलाय,
हायड्रोजन घरातल्या घरातच अडकवलाय.
कुणी टाळी मागितली
तर द्यायला हात मोकळा नाही.
पॅराचे हात दोन टोकांना,
स्वतःला धरायचं म्हटलं तरी पोचत नाहीत.
मग हा त्याला धरतो, तो पुढच्याला,
आणि एकाला उठवायचं
तर अख्खी पंगत उठवावी लागते.

वाफ सोडली.
ऑर्थो निघाला,
नळीत पिवळ्या सुया, उग्रट गोड वास.
पॅरा तिथेच, तळाशी.

"का?" मी विचारलं. तोंडी परीक्षा, पाच मार्क.
भूलक्ष्मी गुंडेटी, रोल नंबर एकोणतीस,
ओढणीनं कपाळ टिपत म्हणाली,
"मॅडम, आमचे नान्ना ऑर्थो होते."

थांबली. मग बोलतच सुटली.
"चादरीचे माग किलोवर भंगारात गेले,
तेव्हापासून ओट्यावर बसायचे, हात काखेत.
कुणाशी भांडण नाही, कुणाचं उसनं नाही,
चहा दिला तरी नको म्हणायचे.
एका सकाळी भिवंडीच्या गाडीत.
पिशवीपण हलकीच होती.
अम्मा विड्या वळते, चाळीस जणींत, सूप मांडीवर.
हिचं पान तिला, तिचा दोरा हिला,
एकीचा हप्ता, एकीची भिशी, एकीचं बाळंतपण.
नान्नांनी बोलावलं तर म्हणाली,
मला न्यायचं तर गल्ली न्यावी लागेल की."

बाहेरून आलेले परीक्षक हसले. लातूरचे होते.
"शास्त्रीय भाषेत सांगा."
तिनं सांगितलं, एका दमात:
ऑर्थोत अंतर्रेण्वीय बंध, पॅरात आंतररेण्वीय,
म्हणून पॅराचा उत्कलनबिंदू जास्त.
एक काना, एक रफार, बाकी शब्द तोच.
वीस वर्षं शिकवतेय,
आज कानाला पहिल्यांदा खुपला.

पाचपैकी पाच.
सांगायचं राहिलं ते असं, की
ऑर्थोचा बंध काही लेचापेचा नसतो.
धरलेलं असतंच त्यानं, जिवापाड,
फक्त ते बाहेर कुणाच्या कामाला येत नाही.
आणि पाण्याचंही सांगायचं होतं:
नात्यागोत्याचा हिशेब लावला
तर त्यानं उणे ऐंशीलाच उडून जायचं.
गंधकाच्या घरचा चुलतभाऊ बघा, उणे साठलाच वायू,
सडक्या अंड्याच्या वासाचा.
पाणी मात्र एकमेकांचा हात धरून बसतं,
आपल्या सोलापुरात साडेअठ्ठ्याण्णवपर्यंत.
म्हणून तर ड्रम भरता येतो.

बेल झाली. मामांनी शेवटची बादली मोरीत न ओतता
गॅलरीतल्या तुळशीला घातली, गार झाल्यावर.

परवा नाही, आदल्याच रात्री आलं पाणी, तीनला.
मी एकटी राहते, दार आतून बंद, झोप गाढ.
पलीकडच्या येमुलबाईंनी भिंतीवर मुसळ आपटलं,
"मॅडम, नळ! उठा बे!"
नळ माझा, पाईप त्यांचा,
मधल्या जोडाला कुणाचा तरी फाटका टॉवेल,
आणि अंधारात दोघीही धरून उभ्या
तो गळका जोड.